राहून गेलेलं बारसं : तेल्हारा, अमरावती, चिखलदरा

८ एप्रिल, बुधवार. पहाटे अकोल्याहून निघालो. गांधीग्रामला पूर्णा ओलांडली, गूळपट्टीचा एक डबा घेतला. अकोटला चहा घेतला. ऊन तापायच्या आत तेल्हाऱ्याला पोचलो. गाडीत मी एकटाच होतो.

या ब्लॉगचे जुने वाचक मला धरणांमुळे ओळखतात. मी सिंचन खात्यात आरेखक होतो, म्हणजे धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढायचो. निवृत्तीनंतर वऱ्हाडातली धरणं आणि तिकडे जाणारे रस्ते यांवर इथे लिहीत आलो. माझ्या फोटोंच्या कोपऱ्यात निळी छत्री घेतलेली एक बाई हमखास दिसायची. ती सुमन, माझी बायको. यंदाच्या संक्रांतीनंतर ती हृदयविकाराने गेली. त्यानंतर इथे काही लिहिलं नव्हतं.

हा प्रवास खरं तर तिने करायचा होता. मी एकट्याने केला. तो चांगला झाला म्हणून लिहितो आहे.

सुमनचा ओठ आणि टाळू जन्मतःच दुभंगलेला होता. ओठ लहानपणीच शिवला गेला, टाळू मात्र पंधराव्या वर्षी. तोवर दूध प्यायली तर नाकातून यायचं आणि बोलली तर शब्दही नाकातून यायचे. वर्गातल्या मुली तिला ‘गेंगाणी’ म्हणत. टाळूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की टाळू शिवला तरी जिभेला जुनी सवय असते, रोज मोठ्याने वाचत जा. तेव्हापासून ती रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायची. लग्न झाल्यावरही. पहिल्या पानापासून बाजारभावापर्यंत. मी दाढी करता करता ऐकायचो. कापसाचा भाव मी कधी डोळ्यांनी वाचलाच नाही.

पुढे ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झाली. कुठे असं बाळ जन्मलं असं कळलं की सुट्टीच्या दिवशी आम्ही जायचो. ती घरात जाऊन बोलायची, मी बाहेर गाडीजवळ उभा राहायचो. मला बोलायला सुचत नाही, आणि तिला माझी गरजही नसायची. ती दारातून आत जाताना पदर मागे सारायची आणि म्हणायची, “आधी माझ्याकडं पाहा. मग बोलू.”

तिचा फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. मार्चअखेर त्यावर तेल्हारा तालुक्यातल्या एका गावच्या आशा सेविकेचा, संगीताताईंचा, फोन आला. सुमन डिसेंबरमध्ये एकटीच जाऊन तिथलं एक महिनाभराचं बाळ पाहून आली होती. आता बाळाचं वजन भरलं होतं. अमरावतीच्या रुग्णालयात बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांनी दहा एप्रिलची तारीख दिली होती. ती हुकली तर ते डॉक्टर थेट पावसाळ्यानंतर येणार होते. आणि घरचे न्यायला तयार नव्हते.

“ताई आल्या तं ऐकतीन,” संगीताताई म्हणाल्या. “ताईले फोन द्या ना जरा.”

मी त्यांना सांगितलं. मग मीच म्हणालो, “मी येतो.”

तेल्हारा

रस्त्याबद्दल आधी सांगतो. अकोट ते तेल्हारा रस्ता बरा आहे. उजव्या हाताला सातपुडा दिसत राहतो. एप्रिलमध्ये शेतं मोकळी असतात आणि घरांसमोर पराट्यांचे, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचे, ढीग लागलेले असतात. वेळ असेल तर पुढे वानचं धरण पाहून यावं. त्यावर मी पूर्वी इथे लिहिलेलं आहे. दहानंतर गाडी चालवण्यात अर्थ नाही. पाणी भरपूर घ्या.

गावाचं नाव लिहीत नाही. घरातल्यांची नावंही बदलली आहेत.

संगीताताई फाट्यावर उभ्या होत्या. गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, “भाऊ, एक सांगू? ताई गेल्या हे तिथं बोलू नका. गोदामाय लय शकुन-अपशकुन पायते. म्हनन, जिनं सांगतलं थेच मेली, आता मी नातीले कशी पाठवू?”

“विचारलं तर?”

“बिमार हाये म्हना.”

घर दोन खोल्यांचं, पुढे टिनाची पडवी. गोदामाय म्हणजे बाळाची आजी, पडवीत बाजेवर बसली होती. तिचा मुलगा मंगेश कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, तो रात्रपाळी करून नुकताच आला होता. संगीताताईंनी माझी ओळख करून दिली, “हे ताईचे मालक.” मी दाराशी थांबलो. सवयीने. मग लक्षात आलं की आज आत जाणारं दुसरं कोणी नाही.

पाणी झालं, चहा झाला. संगीताताई म्हणाल्या, “माय, भाऊले सुपारी तं द्या.”

“या घरात सुपारी नाई रायली आता,” गोदामाय म्हणाली. तिचे दात पाहून ही बाई आयुष्यभर सुपारी खाणारी आहे हे कळत होतं.

आतल्या खोलीत बाळाची आई वैशाली बाळाला दूध पाजत होती. दार उघडंच होतं. बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूने नाकपुडीपर्यंत उघडा होता. वैशालीने बाळाला आडवं घेतलं नव्हतं. उभं, बसतं धरलं होतं, मानेखाली हात देऊन. चमच्याने गालाच्या बाजूने थोडं थोडं दूध सोडत होती, थांबत होती, पाठ थोपटत होती. असा टाळू असलेल्या बाळाला ओढून दूध पिता येत नाही. आडवं घेतलं तर ठसका लागतो, दूध नाकात जातं, आणि बाळ उपाशी राहून खंगतं. हे सुमन मला गाडीत सांगायची. पाहिलं मात्र पहिल्यांदाच. चार महिने ही मुलगी रात्रंदिवस एकेक चमचा असं पाजत होती. वजन असं भरलं होतं.

“थे बाई काहून नाई आली?” गोदामायने विचारलं.

संगीताताई माझ्याकडे पाहू लागल्या. मी बिमार म्हणणार होतो. शब्द तयार होता.

“ती वारली, माय,” मी म्हणालो. “जानेवारीत.”

संगीताताईंनी कपाळाला हात लावला.

“कशानं?”

“हृदयाचा झटका आला.”

“अन् थो शिवलेला ओठ?”

“ओठ शेवटपर्यंत चांगला होता. त्या ओठानं सत्तावन्न वर्सं बोलली. मले बोलूच देत नोती.”

मंगेश हसला आणि लगेच थांबला. गोदामाय हसली नाही. म्हणाली, “खोटं सांगतलं असतं तं मले काय समजलं असतं?”

“नसतं समजलं.”

“मंग?”

“तिच्या नावानं खोटं बोलता नाही आलं.”

तिने मान हलवली. मग बाजेच्या कडेवर हात ठेवून म्हणाली, “हे पाहा भाऊ, तुमी भले मानूस हा. पन भादव्याच्या पुनवेले गरन लागलं होतं. पोटुशी बाईनं गरनात काई कापू नाई, हे काई आमी आता काढलं नाई. सारं गाव म्हनते, सुनेनं गरनात विळी धरली. देवानं दाखवलं थे दाखवलं. आता त्यावर सुई चालवाची, भूल द्याची, अन् लेकरू हाती नाई लागलं तं? एवढी झाली थेच लय झालं.”

हे बोलताना ती वैशालीकडे पाहत नव्हती. जमिनीकडे पाहत होती. या बाळाचं बारसंही झालेलं नव्हतं. लोक पाहायला येतील म्हणून केलंच नव्हतं. पाच महिन्यांच्या मुलीला सगळे नुसतं ‘पोट्टी’ म्हणत.

सुमन इथे काय बोलली असती, हे मला माहीत नव्हतं. मी बाहेर उभा असायचो ना. मला नकाशे काढता येतात. गूळपट्टीचा डबा मोकळा केला, त्याचं पुठ्ठ्याचं झाकण फाडून उलटं केलं आणि खिशातली पेन्सिल काढली. पुढचं बोलणं वऱ्हाडीतच झालं. माझं तेवढं इथे सरळ करून लिहितो.

“वानचं धरण पाहिलं आहे का?” मी मंगेशला विचारलं.

“पायलं नाई तं काय! पानी तेच पेतो आमी.”

“धरण बांधताना बांध दोन्ही काठांकडून पुढे पुढे येतो. मध्ये नदी वाहत असते. शेवटी मधली घळ भरून दोन्ही बाजू जुळवतात. आम्ही त्याला घळभरणी म्हणतो. आईच्या पोटात बाळाचा ओठ असाच होतो. या गालाकडून एक बाजू येते, त्या गालाकडून दुसरी, आणि नाकाखाली येऊन जुळतात. टाळूचंही तसंच. हे सगळं तिसऱ्या महिन्याच्या आतबाहेर होऊन जातं. एखाद्या बाळाची घळ भरायची राहते. का राहते, ते दर वेळी डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण ते कोणी कापलेलं नसतं. जुळायचं राहिलेलं असतं.” मग वैशालीला विचारलं, “भादव्यात कितवा महिना होता, बाई?”

“सातवा,” आतून आवाज आला.

“म्हणजे ग्रहण लागलं त्याच्या चार महिने आधीच हा ओठ असा झालेला होता. त्या दिवशी कोणी काही कापलं असतं, नसतं कापलं, तरी असाच राहिला असता.”

मंगेशने मी चित्र काढलेलं झाकण हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. वैशाली बाळाला घेऊन दाराशी आली होती. ती म्हणाली, “मी विळी धरलीच नोती.”

“मंग लोक काहून म्हनते?” मंगेश म्हणाला.

“अडकित्ता धरला होता.”

“अडकित्ता? तू तं सुपारी खातच नाई.”

ती बाळाचं दुपटं सारखं करायला लागली. मग गोदामाय म्हणाली, “मीनं मांगतली होती. तोंडाले चव नोती माया. मीच म्हनलं, एक खांड कातरून दे वो. गरनाचं ध्यानातच नाई रायलं मले.” तिने पदराने तोंड पुसलं. “अन् इनं कोनाले सांगतलं नाई. सारं गाव इले बोललं, मी बोलली, तरी इनं मायं नाव नाई घेतलं.”

बाळ जन्मल्यापासून त्या घरात सुपारी का नव्हती, ते तेव्हा कळलं.

गोदामायने माझ्याकडे पाहिलं. “मंग थ्या अडकित्त्यानं नाई झालं?”

“नाही.”

“ईमानानं सांगा.”

“ईमानानं सांगतो. सुपारीनं काही झालं नाही.”

ती उठली, आत गेली, बाळाला वैशालीकडून घेतलं आणि दारातून विचारलं, “सकायी किती वाजता निघा लागते?”

अमरावती

तेल्हारा ते अमरावती हा रस्ता अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असा जातो. एसटीने अकोटला गाडी बदलावी लागते. परतवाड्याला जेवून घ्यावं. झुणका, भाकर, ठेचा आणि वर सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, चांगलं मिळतं. मी रात्री तेल्हाऱ्याला थांबलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या थंडाव्यात आम्ही निघालो. मंगेशची सुट्टी मंजूर नव्हती, तो शुक्रवारी येणार होता. गोदामाय पुढे माझ्या शेजारी, वैशाली आणि बाळ मागे.

“हे थंडी हवा बंद करा बावा,” गोदामाय म्हणाली. “माये कान दुखून रायले.”

मी एसी बंद केला. दहा मिनिटांनी म्हणाली, “उकडून रायलं.” परत लावला. हे परतवाड्यापर्यंत चाललं. अंजनगावला दोन्ही बाजूंना पानमळे लागतात. तिने काच खाली करून पाहिले आणि परत वर केली. वैशाली मात्र गाडी थांबली की बाळाच्या तोंडावर पदर ओढायची. पेट्रोल पंपावरसुद्धा.

ऑपरेशनचा खर्च आला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण पुष्कळ घरं खर्चाच्या भीतीने बसून राहतात. अशी ऑपरेशनं सरकारी योजनांतून आणि सेवाभावी संस्थांमार्फत मोफत होतात. जिल्हा रुग्णालयात किंवा गावच्या आशाताईंना विचारावं. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळू वर्षाच्या आसपास. बाळ सशक्त असणं महत्त्वाचं. उशीर झाला असेल तरी जावंच. सुमन पंधराव्या वर्षी गेली होती.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर अकोटची शबाना होती. तिच्या नवऱ्याचं गाद्यांचं दुकान आहे. तिचा मुलगा अमन दीड वर्षाचा, ओठ आधीच शिवलेला, आता टाळूसाठी आला होता. वैशालीने बाळाच्या तोंडावरचा पदर काढला नव्हता. शबानाने थोडा वेळ पाहिलं.

“अवो बाई, गरमी में काहून झाकून रायली लेकराले?” ती म्हणाली. “इथं सारे आपल्यातलेच हायेत. हे पाय माया अमन. सांग, कोनत्या बाजूनं होता?”

वैशालीने अमनकडे निरखून पाहिलं. “डाव्या?”

“गलत! उजव्या. पाय, तुले बी नाई समजलं. आता हटव थे.”

वैशालीने पदर काढला. शबाना वाकून म्हणाली, “माशाल्ला, डोळे तं पाय केवढे हायेत. नाव काय?”

कागदावर ‘वैशाली यांचं बाळ’ एवढंच लिहिलेलं होतं.

गुरुवारी तपासण्या झाल्या. मी जवळच्या लॉजवर राहिलो. साधा आहे, पण स्वच्छ, आठशेत खोली मिळते.

शुक्रवारी सकाळी बाळाला आत नेलं. मंगेश रात्रीच्या एसटीने येऊन पोचला होता. गोदामाय जिन्याच्या पायरीवर बसली. भूल या गोष्टीची तिला सगळ्यात जास्त भीती होती. “निजवते म्हनते. उठवते तं खरं ना?” असं तिने मला, परिचारिकेला आणि लिफ्टवाल्यालाही विचारलं. लिफ्टवाला म्हणाला, “माय, मी रोज खाली-वर करून रायलो, आजवर एक बी लेकरू झोपेतच रायलं नाई.” ते तिला पटलं.

माझा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. काही बरंवाईट झालं असतं तर त्या झाकणावरच्या चित्राला काही अर्थ राहिला नसता, आणि वैशालीला ते घर पुन्हा घर राहिलं नसतं. बाहेर जाऊन गिला वडा घेतला. अमरावतीला आलात तर दही-चटणी घातलेला हा वडा खाल्ल्याशिवाय जाऊ नका. मी घेतला आणि तसाच हातात धरून परत आलो.

दुपारी बाळाला बाहेर आणलं. ओठावर बारीक टाक्यांची एक रेष. दोन्ही कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधलेल्या, हात तोंडाकडे जाऊ नये म्हणून. वैशालीने पाहिलं आणि रडायला लागली. मला वाटलं आनंदाने. ती म्हणाली, “हिचं थे हसणं गेलं.” ते रुंद, उघडं हसणं तिने पाच महिने एकटीने पाहिलं होतं. शबानाने तिच्या पाठीवर हात ठेवला. “मले बी असंच झालं होतं. महिनाभरात नवं हसते. रुक जरा.”

गोदामाय खाटेजवळ उभी राहून बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच परिचारिकेला विचारलं, “हे आमचीच हाये ना?”

“तुमचीच, आजी. नाव काय लिहू?”

“पौर्णिमा लिवा,” गोदामाय म्हणाली. “गरन सुटलं.”

मंगेश आईकडे पाहतच राहिला. त्याला बहीण नाही. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करायला आत्या लागते. शबानाने अमनला खाटेवर बसवलं आणि म्हणाली, “मी हावो ना आत्या. सरका.” ती वाकली आणि पौर्णिमाच्या कानात मोठ्याने कुर्र केलं. वॉर्डातल्या सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. परिचारिका ओरडली, “आवाज कमी! हे हॉस्पिटल हाये, मंगल कार्यालय नाई!” आणि ओरडून झाल्यावर तिनेही डोकावून बाळाकडे पाहिलं.

मी त्या दिवशी अभिमानाने फुगलो होतो, हे मान्य करतो. अभिमान टाके घालणाऱ्या डॉक्टरांचा, एकेक चमचा पाजणाऱ्या वैशालीचा, आणि जिने तिला तसं पाजायला शिकवलं तिचा. वडा गार झाला होता. तरी खाल्ला.

चिखलदरा

डॉक्टरांनी सोमवारी घरी सोडतो म्हणून सांगितलं. शनिवारी सकाळी मी चिखलदऱ्याला निघालो. प्रत्येक बाळाच्या ऑपरेशननंतर आम्ही तिथे एक रात्र जायचो. सुमनचा तो नेम होता.

परतवाड्यावरून दोन रस्ते आहेत. एक धामणगाव गढीवरून, एक घटांगवरून. सेमाडोहचं जंगल पाहायचं असेल तर घटांगचा रस्ता धरावा. मी धामणगाव गढीवरून गेलो. घाट अरुंद आहे, वळणावर हॉर्न वाजवा. वर पोचल्यावर खालच्यापेक्षा हवा पुष्कळ बरी वाटते. शनिवार-रविवारी गर्दी असते, खोली आधी सांगून ठेवावी. गवळ्यांकडची रबडी खावी आणि इथली कॉफी प्यावी. कॉफी इथेच पिकते, हे वऱ्हाडातल्याच बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

संध्याकाळी पंचबोल पॉइंटला गेलो. समोर खोल दरी आणि पलीकडे कडे. इथून हाक मारली की ती पाच वेळा परत येते असं म्हणतात. सुमन दर वेळी कठड्याशी उभी राहायची आणि ज्याचं ऑपरेशन झालं त्या बाळाचं नाव घेऊन हाक मारायची. शाळेत जिला ‘गेंगाणी’ म्हणायचे तिची हाक कड्यांवरून स्वच्छ परत यायची. ती कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, “सगळी अक्षरं आली.” मी मागे छत्री धरून उभा असायचो.

तिथे कॉलेजच्या मुलामुलींचा घोळका होता. एकमेकांची टोपणनावं ओरडून हसत होते. ते जातील म्हणून मी वाट पाहिली. ते गेले नाहीत. शेवटी कठड्याशी गेलो आणि हाक मारली.

“पौर्णिमा!”

मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. घोळका वळून पाहायला लागला. हाक परत आली. किती वेळा, ते मोजलं नाही. पहिल्या वेळी तो आवाज माझा आहे हे ओळखूच आलं नाही.

“कोन हो काका?” एका मुलीने विचारलं. “नातीन का?”

“नाही. तेल्हाऱ्याकडची एक पोरगी आहे. पाच महिन्यांची. कालच तिचं नाव ठेवलं.”

“मंग एकदाच काहून? चला रे!” ती मुलगी म्हणाली, आणि त्या सगळ्यांनी मिळून दरीत हाक मारली. पौर्णिमा, पौर्णिमा. पेट्रोल पंपावरही जिचं तोंड झाकलेलं होतं, तिचं नाव समोरच्या सगळ्या कड्यांवरून परत येत होतं.

मी छत्री घेऊन गेलो होतो. उघडली नाही.

परत

रविवारी खाली उतरलो. सोमवारी तिघींना आणि मंगेशला घेऊन निघालो. डॉक्टरांनी टाके स्वच्छ ठेवायला, पट्ट्या न सोडायला आणि आठवड्याने परत यायला सांगितलं होतं. मी वैशालीला आणखी एक सांगितलं, की वर्षाच्या आसपास टाळू शिवून घ्या, आणि ती बोलायला लागली की तिच्याशी खूप बोला, तिच्याकडून मोठ्याने बोलवून घ्या.

“ताईनं सांगतलं होतं,” वैशाली म्हणाली. “पेपर वाचाले लावजो म्हने.”

अंजनगाव आलं तेव्हा गोदामायने गाडी थांबवायला लावली. पानं घेतली, सुपारी घेतली. गावात शिरल्यावर म्हणाली, “इथंच उतरवा मले.” घर अजून लांब होतं. तिने पौर्णिमाला खांद्याशी घेतलं, तोंड बाहेरच्या बाजूला करून, आणि भर गल्लीतून चालत निघाली. बाया दारात आल्या. “पाहा, पाहा,” गोदामाय म्हणत होती, “पौर्णिमा हाये हे. अन् ऐका, सुनेनं विळी-बिळी काई धरली नोती. सुपारी मीनं मांगतली होती. अन् सुपारीनं बी काई होत नाई. वानच्या धरणासारखं असते थे. या भाऊले इचारा.”

मला कोणी विचारलं नाही, ते बरं झालं.

पडवीत बसल्यावर वैशालीने आतून अडकित्ता आणला. त्याला थोडा गंज चढला होता. तिने तो पदराने पुसला, सासूच्या समोर बसून सुपारी कातरली, पहिलं खांड मला दिलं आणि दुसरं तिला. गूळपट्टीच्या डब्याचं झाकण मंगेशने भिंतीवर खिळ्याला लावून ठेवलेलं दिसलं. माझे बरेच नकाशे सरकारी कपाटात आहेत. भिंतीवर लागलेला हा पहिलाच.

अकोल्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल, जयंती. आमच्या गल्लीत निळे झेंडे लागले होते, माळा सोडणं चाललं होतं. शेजारच्यांनी विचारलं, कुठे होता? मी म्हणालो, पौर्णिमाच्या बारशाला. ते ‘बरं’ म्हणाले.

या प्रवासातून काय उरलं, असं मी इथे शेवटी नेहमी लिहितो. या वेळी एवढंच लिहितो. तुमच्या माहितीत असं बाळ असेल तर त्याच्या आईला कोणी काही बोलत असेल, ते आधी थांबवा. मग बाळाला बसतं धरून पाजायला सांगा. मग रुग्णालय. सुमन याच क्रमाने करायची, असं मला आता वाटतं.

सुमनचा फोन चार्जिंगला लावला. सकाळी जयंतीला घालायचा पांढरा सदरा काढून ठेवला, एक कप चहा केला. जानेवारीपासून पेपर येतो तसा, घडीही न मोडता, कोपऱ्यात रचत होतो. त्या दिवशीचा उचलला, खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत बसलो आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागलो. कापसाच्या भावापर्यंत आलो तेव्हा चहा निवला होता. तो तसाच प्यायलो आणि पान उलटलं.